धुराच्या वाटेने आलेलं पाणी
(होडीच्या इंजिनाविषयी वाचकांचे प्रश्न)

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात चाळीस वर्षं मी होड्यांची इंजिनं खोलली. आता दुकान मुलगा बघतो आणि मी पत्रं वाचतो. या वेळच्या पाच पत्रांतल्या तिघांनी तक्रार इंजिनाची किंवा तब्येतीची म्हणून लिहिली आहे. मला मात्र वाचतानाच सायलेन्सरचा पाइप डोळ्यांपुढे आला. धूर ज्या वाटेने बाहेर जातो त्याच वाटेने पाणी आत येतं, वायूही आत येतो. त्या वाटेकडे बघायला कुणाला सवड नसते, म्हणून आज तेवढाच विषय घेतो.

प्रश्न (हर्णे): मे अखेरीस होडी वर ओढून शाकारून ठेवली. नारळी पौर्णिमेच्या आधी पाण्यात लोटली, स्टार्टर मारला, तर 'ठक्क' आवाज होऊन इंजीन तिथंच अडकलं. पुन्हा मारलं तरी हललं नाही. मेकॅनिक म्हणतो क्रँक गेला. दोन महिने बंद असलेल्या इंजिनाचा क्रँक कसा जाईल?

उत्तर: आधी एक करा, तिसऱ्यांदा स्टार्टर मारू नका. बॅटरीची वायरच काढून ठेवा, म्हणजे दुसराही कुणी मारणार नाही.

आता आठवा, होडीवर झावळ्या घातल्या, ताडपत्री घातली, पण सायलेन्सरचं तोंड ताडपत्रीबाहेर राहिलं होतं का? आपल्याकडच्या ट्रॉलरचा पाइप इंजिनावरून सरळ वर जातो, केबिनच्या छपरातून बाहेर निघतो. आपल्या किनाऱ्यावर जून-जुलैत दीड हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. चार इंची पाइपाच्या उघड्या तोंडात दीड मीटर पाऊस पडला, तर हिशेबाने जवळजवळ बारा लिटर पाणी होतं. एक मोठी कळशी. ती कळशी मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र येतो त्या नळीत, रिकामी होते, आणि चार-सहा सिलिंडरच्या इंजिनात कुठल्या तरी सिलिंडरचा एग्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) व्हॉल्व्ह उघडा असतोच. तिथून पाणी पिस्टनच्या डोक्यावर जाऊन बसतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. 'ठक्क' तो त्याचा.

क्रँक गेला असं आजच धरून चालू नका. सगळे नोझल (डिझेल फवारणारी तोंडं) काढा. फ्लायव्हीलला बार लावून इंजीन हाताने, अगदी सावकाश फिरवा. पाणी असेल तर नोझलच्या भोकातून कारंज्यासारखं उडेल, तेव्हा तोंड लांब ठेवा. बार फिरतच नसेल तर जोर करू नका. रिंगा गंजून धरल्या असतील. भोकांतून डिझेल आणि ऑइल निम्मं-निम्मं ओता, रात्रभर राहू द्या, सकाळी पुन्हा बघा. पॅनमधलं ऑइल काढून बघा, दुधासारखं झालं असेल तर सगळं बदला, फिल्टरसकट. इंजीन पूर्ण दोन फेरे मोकळं फिरलं, तर प्रत्येक पिस्टन वर कुठवर येतो ते नोझलच्या भोकातून सळई घालून मोजा. एखादा बाकीच्यांपेक्षा खाली राहत असेल तर त्याचा कनेक्टिंग रॉड वाकला आहे आणि इंजीन उघडण्याला इलाज नाही. सगळे सारखे आले तर वाचलात. टर्बो (धुराच्या जोराने फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा) असेल तर तोही काढून धुऊन घ्या, कारण पाणी आधी त्याच्यातून गेलेलं असतं.

पुढच्या वर्षी तोंडावर प्लास्टिकची पिशवी बांधून भागवू नका. वाऱ्याने ती पंधरा दिवसांत फाटते. मॅनिफोल्डच्या वरचा पहिला फ्लँज (बोल्टने आवळलेला जोड) सोडा, मध्ये गॅस्केटसह आंधळी पत्र्याची प्लेट घाला आणि चावीला चिठ्ठी बांधा: 'प्लेट आहे'. चालू मोसमासाठी पाइपाचं टोक मागे वाकवून घ्या किंवा धुराने उघडणारी टोपी बसवा. पाइपाच्या सर्वांत खालच्या बाकाला (वळणाला) एक छोटा ड्रेन प्लग वेल्ड करून घ्या. सकाळी तो उघडायचा, चार थेंब आले तरी कळतं.

प्रश्न (साखरीनाटे): जुनं इंजीन काढून जास्त हॉर्सपॉवरचं बसवलं. फुल रेस दिली की काळा धूर, डिझेल जास्त जातं, इंजीन तापतं. पंप दोनदा कॅलिब्रेट केला.

उत्तर: इंजीन नवं आणि पाइप जुना, असंच ना? तुम्ही ते लिहिलेलं नाही, पण पत्राचा बाकी मजकूर तेच सांगतो. तीन इंची पाइप चार इंची केला तर धुराला पावणेदोनपट जागा मिळते, इंच एकच वाढला असला तरी. मोठ्या इंजिनाचा धूर जुन्या पाइपातून गेला नाही, तर थोडा सिलिंडरमध्येच मागे राहतो आणि नव्या हवेची जागा खातो. हवा कमी, डिझेल तेवढंच, म्हणून काळा धूर.

अंदाजाने पाइप बदलण्याआधी मोजा. त्याला महाग यंत्र लागत नाही. मॅनिफोल्डच्या किंवा टर्बोच्या पुढे पाइपावर एक छोटा नट वेल्ड करा, त्याला मीटरभर तांब्याची नळी लावा, म्हणजे उष्णता तिथंच जिरेल. पुढे गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप जोडा. तो इंग्रजी यू अक्षरासारखा लाकडी फळीवर बांधा आणि निम्मा पाण्याने भरा. नळीची दोन्ही उभी अंगं दीड-दीड मीटर ठेवा, नाहीतर पाणी उडून जाईल. होडी भरलेली असताना फुल रेसवर दोन्हीकडच्या पाण्यातला फरक टेपने मोजा. इंजिनाच्या पुस्तकात धुराच्या मागच्या दाबाची (बॅक प्रेशरची) मर्यादा दिलेली असते. ती १० किलोपास्कल असेल तर पाण्याचा फरक १०२ सेंटिमीटरच्या आत हवा. जास्त आला तर पाइप वाढवा, आणि कापून जोडलेले काटकोनी बाक काढून लांब गोलाईचे घाला. फरक कमी आला तर पाइपाचा दोष नाही. मग एअर फिल्टर आणि पंख्याचा (प्रॉपेलरचा) पिच, म्हणजे पात्यांचा तिरकेपणा, बघा.

नवा पाइप जाड आणि जड होईल. त्याचं वजन केबिनच्या छपरावरून टांगा, मॅनिफोल्डवर किंवा टर्बोवर टाकू नका. मधला बेलो, म्हणजे घड्यांची लवचीक नळी, इंजिनाची थरथर खाण्यासाठी असतो. वाकडे बसलेले दोन फ्लँज ओढून जुळवायला तो वापरलात तर महिन्याभरात चिरतो. बेलो मोकळा, सरळ बसला पाहिजे, पिळलेला नको.

प्रश्न (मांडवा): माझ्या छोट्या बोटीला आत बसवलेलं डिझेल इंजीन आहे, धुरात खारं पाणी मिसळून मागून बाहेर जातं. गेल्या महिन्यात रबरी पाइप वितळला. दुकानदाराने हिरवा सक्शन पाइप दिला आहे. चालेल का?

उत्तर: नाही. सक्शनचा तो पीव्हीसी पाइप गरम पाण्यानेही मऊ पडतो. तुम्हाला ओल्या एग्झॉस्टसाठीच बनवलेला, तार घातलेला रबरी पाइप हवा. त्याच्या अंगावर 'एसएई जे २००६' छापलेलं शोधा. पाणी अचानक बंद पडलं तरी थोडा वेळ तो टिकावा अशी त्याची चाचणी असते. प्रत्येक टोकाला ३१६ स्टीलच्या दोन-दोन क्लिपा लावा.

पण पाइप का वितळला, ते आधी शोधा, नाहीतर नवाही वितळेल. इंजिनातून धूर चारशे-पाचशे अंशाने निघतो. मिक्सिंग एल्बोत त्यावर पाणी पडतं म्हणून पुढचा रबर जगतो. पाणी कमी झालं की मागून पाण्याबरोबर वाफ दिसू लागते, आवाजही कोरडा होतो.

खाऱ्या पाण्याच्या पंपाचं झाकण काढा आणि आतला इम्पेलर (पाणी ढकलणारं पाकळ्यांचं चाक) वर्तमानपत्रावर ठेवा. अशाच एका बोटीचा इम्पेलर मी काढला होता तेव्हा बारा पाकळ्यांपैकी नऊच होत्या. मालक नवा इम्पेलर घालून निघाले होते. मी थांबवलं, कारण तुटलेल्या तीन पाकळ्या कुठंतरी असणारच. एक हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेली मिळाली, दुसरी तिच्या मागे चिकटलेली. तिसरीसाठी एल्बो सोडवावा लागला. आत बघितलं तर पाणी यायचं भोक मीठ आणि काजळीने मिळून इतकं भरलेलं, की पेन्सिल जाईना. पाकळी त्या भोकाच्या अलीकडे उभी होती. तुकडे पूर्ण मिळेपर्यंत नवा इम्पेलर घालू नका. इम्पेलर दरवर्षी बदला, आणि एल्बोही दरवर्षी सोडून स्क्रू ड्रायव्हरने आतून खरवडा. नवा घेताना बिडाचा घ्यायचा की स्टेनलेसचा, असं पुष्कळ जण विचारतात. माझं मत बिडाकडे आहे. बीड जाड असतं, गंजताना बाहेरून दिसतं, हातोडी मारली की आवाज बसका येतो. स्टेनलेस बाहेरून चकचकीत राहतं आणि वेल्डाच्या रेघेवर आतून भोक पडतं. घेतलंत तर ३१६ एल घ्या.

आणखी एक. इंजीन लवकर सुरू होत नसेल तेव्हा स्टार्टर मारत राहू नका. त्या वेळी पंप पाणी टाकत राहतो, पण ते बाहेर ढकलायला धूर नसतो. वॉटरलॉक (एग्झॉस्टचं पाणी साठतं तो डबा) भरतो आणि पाणी मागे सिलिंडरमध्ये येतं, हर्ण्याच्या वाचकासारखंच. चार-पाच वेळा मारावा लागणार असं वाटलं तर आधी खाऱ्या पाण्याचा कॉक बंद करा. इंजीन लागताक्षणी उघडा.

प्रश्न (वेंगुर्ला): सायलेन्सरला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप चालतो का? स्वस्त पडतो.

उत्तर: नको. त्यावरचं जस्त ४१९ अंशाला वितळतं, म्हणजे फुल लोडवर टिकत नाही. वेल्डिंग करताना जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला तर वेल्डरला थंडी वाजून ताप येतो. कोरड्या पाइपासाठी साधा जाड काळा पाइप घ्या आणि गंजला की बदला.

प्रश्न (जयगड): काका, माझे बाबा तीस वर्षं खलाशी आहेत. हल्ली होडीवर त्यांचं डोकं दुखतं, उलटी होते. तांडेल (होडीचे प्रमुख) म्हणतात वय झालं, बोट लागते. घरी आले की बरे असतात. डॉक्टरांनी डोळे तपासले, काही नाही. तुम्हाला विचारू की नको कळेना, पण इंजीनरूमच्या शेजारी झोपतात म्हणून विचारते.

उत्तर: बाय, तू विचारलंस हे फार बरं केलंस. तीस वर्षं दर्यावर काढलेल्या माणसाला अचानक बोट लागत नाही. डोकेदुखी, मळमळ, घरी आलं की बरं, आणि झोपायची जागा इंजीनरूमला लागून, एवढ्यावरून मला कार्बन मोनॉक्साइडचा संशय येतो. त्याला रंग नाही, वास नाही. एग्झॉस्टच्या फटीतून तो गळतो आणि रक्तात प्राणवायूची जागा घेतो. डिझेलचा धूर पेट्रोलपेक्षा कमी विषारी, पण बंद केबिनमध्ये झोपलेल्या माणसाला कमी म्हणजे पुरेसा.

मी हे स्वतःच्या हाताने घडवलेलं आहे. पावसात एका होडीचा पाइप जोडला, फ्लँजमध्ये जुनंच गॅस्केट परत घातलं कारण नवं आणायला बाजारात जावं लागलं असतं. पाऊस येतो म्हणून इंजीनरूमचं झाकण ओढून इंजीन चालू केलं. वीस मिनिटांनी माझा हाताखालचा पोरगा शिडीच्या पायरीवर बसला, म्हणाला, 'जरा चक्कर येते.' उठायला गेला तर पाय लुळे. त्याला काखेत धरून वर काढलं. तो वाचला. झाकण उघडल्यावर बघितलं, तर नव्या पांढऱ्या रंगावर फ्लँजच्या कडेला काजळीची बोटभर रेघ उमटली होती. त्या दिवसापासून मी एकही गॅस्केट दुसऱ्यांदा वापरलं नाही.

तीच रेघ बाबांना शोधायला सांग. फ्लँज, बेलो आणि छपरातून पाइप जातो तो जोड, या तीन ठिकाणी. इंजीन थंड असताना सुरू करून लगेच जोडांवर साबणाचं पाणी लावलं की गळतीला बुडबुडे येतात. पाइपाला जुनी ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळलेली असेल तर तिच्याखाली बेलो चिरलेला दिसत नाही. ती कोरडी ओरबाडू नये, तिची धूळ फुफ्फुसाला वाईट. ओली करून, तोंडाला चांगला मास्क बांधून काढावी, पिशवीत बंद करावी आणि त्याजागी काचतंतूची पट्टी गुंडाळावी. पाइपाचं तोंड केबिनच्या छपरापेक्षा चांगलं वर हवं, कारण वारा मागून असला की बाहेर गेलेला धूरही दारातून परत येतो.

कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवर चालणारा अलार्म मिळतो. झोपतात तिथं, उशीच्या उंचीला लावायचा. अलार्म वाजला किंवा कुणी शुद्ध हरपून पडलेला दिसला, तर इंजीन बंद, झाकणं उघडी, आणि आत एकट्याने उतरायचं नाही. माणूस मोकळ्या हवेत आणल्यावर लगेच दवाखाना, त्याला ऑक्सिजन लागतो. समुद्रात असतील तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि जमिनीवर १०८.

तांडेलांशी बोलायला बाबांना संकोच वाटत असेल तर हे पान तांडेलांना वाचायला दे. तोपर्यंत बाबांनी त्या जागी झोपू नये, डेकवर झोपावं. आणि डॉक्टरांकडे पुन्हा जा. डोळ्यांचं सांगू नकोस, 'डिझेल इंजिनाच्या धुरात झोपतात' एवढं पहिल्या वाक्यातच सांग.