सलग सुट्टी मिळाली की लिहीन

‘सलग सुट्टी मिळाली की प्रबंध लिहायला बसेन’ हे वाक्य पीएच.डी. करणाऱ्यांकडून मी दादरच्या माझ्या समुपदेशन केंद्रात सतत ऐकते, आणि मे महिन्याची सुट्टी सरली की तीच माणसे अधिक खचून परत येतात. आपण आळशी आहोत अशी त्यांची खात्री झालेली असते. मला मात्र त्यांच्यात आळस क्वचितच दिसतो.

डोंबिवलीहून लोकलने येऊन महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेचा अनुभव, ओळख पटणार नाही अशा बेताने, येथे सांगते. १९८२ च्या गिरणी संपाचा लालबाग-परळमधील स्त्रियांच्या कमाईवर झालेला परिणाम हा त्यांचा विषय होता. मुलाखती झाल्या होत्या, टिपणांच्या वह्या भरल्या होत्या, सहा वर्षांची मुदत जवळ येत होती. तिसरे प्रकरण मात्र पहिल्या परिच्छेदापुढे सरकत नव्हते.

‘लिहायला बसलात की नेमके काय होते?’

‘एक वाक्य लिहिते आणि खोडते, मॅडम. गाईड हे वाचून काय म्हणतील, हेच डोक्यात असतं.’

पुढे एका भेटीत मी त्यांना ते प्रकरण तोंडी सांगायला लावले आणि ऐकता ऐकता कागदावर उतरवून घेतले. ‘संपानंतर बायका खानावळी चालवू लागल्या,’ हे माझे वाक्य वाचताच त्यांनी माझ्या हातातले पेन जवळजवळ ओढूनच घेतले. ‘नाही, मॅडम! खानावळी आधीपासूनच होत्या. प्रेमा पुरव यांनी खानावळी चालवणाऱ्या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं तेच १९७५ मध्ये. संपात जेवणारे कामगारच गावी गेले आणि खानावळी अडचणीत आल्या.’ बोलता बोलता माझी वाक्ये खोडून त्यांनी समासात स्वतःची लिहिली होती.

‘प्रकरणाचा मुद्दा कागदावर आला ना?’ मी विचारले.

त्या बराच वेळ कागद न्याहाळत राहिल्या. ‘म्हणजे आधी चुकीचं लिहिलेलंही चालतं?’

चुकीचे वाक्य समोर आले की त्यांचे ज्ञान तत्काळ कामाला लागत होते. कोऱ्या कागदापुढे मात्र मनातला परीक्षकच आधी येऊन बसत होता. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीवर माझा विश्वास आहे तो यासाठीच: वेळापत्रकाआधी ती ‘पहिलेच वाक्य निर्दोष हवे’ यासारखी मनातली अवाजवी अट तपासते. ती अट त्यांची त्यांनाच दिसली, याचे मला आजही समाधान वाटते.

अट सैल झाल्यावर सवय लावणे सोपे जाते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांनी प्राध्यापकांच्या लेखनसवयींचा अभ्यास केला, तेव्हा सवड मिळेल तेव्हा झपाटून लिहिणाऱ्यांपेक्षा रोज थोडे लिहिणाऱ्यांचे काम अधिक पुढे गेलेले आढळले. म्हणून रोज ठरलेल्या वेळी अर्धा तासच, पण फक्त नवे लिहावे. संदर्भ आठवला नाही तर फुली मारून पुढे जावे, कारण तो शोधायला उठलेला माणूस सहसा त्या दिवशी परत लिहीत नाही. उठण्यापूर्वी उद्याच्या मुद्द्याची एक ओळ लिहून ठेवावी. सुधारणेसाठी आठवड्यातला वेगळा दिवस राखावा. या बाई पहिल्या तासिकेआधी स्टाफरूममध्ये लिहितात आणि शनिवारी दुरुस्त्या करतात. त्यांचे तिसरे प्रकरण गाईडकडे गेले, तेही ‘कच्चा खर्डा, सध्या केवळ मांडणी पाहावी’ असे पहिल्याच पानावर स्पष्ट लिहून. असे लिहून देण्यास कोणीही संकोचू नये.