रिकामा डबा

प्रिय सोन्या,

तू पाठवलेला आवाजी निरोप मी तीनदा ऐकला. समोरच्या अक्कांचा डबा तू घासून, पुसून, चकचकीत करून द्यायला निघालास आणि आजी दारातच आडवी आली. "रिकामा डबा देतेत का बे कुणाला? थांब की जरा!" म्हणून तिनं त्यात मूठभर शेंगा टाकल्या. तुझा प्रश्न असा, की अक्कांकडे शेंगा असतीलच, मग हे कशासाठी? आणि शेवटी आवाज बारीक करून विचारलंस, "मी चुकलो का?"

नाही रे. इथं जर्मनीत, स्टुटगार्टमध्ये, भांडं लवकर आणि स्वच्छ परत केलं की समोरच्याचा मान राखला जातो. तू इथल्या रीतीनं अगदी बरोबर वागलास, फक्त सोलापुरात. फोनवर सांगायला गेले तर तू मध्येच "बरं बरं" म्हणून खेळायला पळशील, म्हणून लिहितेय. जोडाक्षरं अडली तर आजीकडून वाचून घे. तिचा चष्मा फ्रीजवर असतो.

शेंगा पोटासाठी नसतात. रिकामा डबा म्हणजे हिशेब मिटला: तुमचं तुम्हाला मिळालं, आमचं आम्हाला. डब्यात काहीतरी ठेवलं की पुढची फेरी त्यांच्याकडे जाते आणि येणं-जाणं चालू राहतं. म्हणूनच निघताना आजी तुला "जातो" म्हणू देत नाही, "येतो म्हण" म्हणते. गंमत बघ, अक्का तेलुगूत "वेळ्ळोस्तानु" म्हणतात आणि मागच्या गल्लीतले कन्नड बोलणारे आजोबा "होगि बर्तीनि". दोन्हीचा अर्थ एकच, जाऊन येतो. आमच्या बोळात जेवलास का, हे तीन भाषांत विचारायचे. "तिन्नावा?", "ऊट आय्ता?" आणि आपलं "जेवलीस का गं?" जेवणाचं खरं उत्तर कुणालाच नको असायचं.

आता अक्कांची गोष्ट सांगते. त्यांच्या घरचे लोक तेलंगणातून मागावर काम करायला सोलापुरात आले. पूर्व भागात अशी पद्मशाली विणकरांची घरं किती आहेत, ते तू पाहिलंच असशील. अण्णा चादरीच्या कारखान्यात होते आणि अक्का घरी विड्या वळायच्या. मी तुझ्याएवढी असताना शाळेतून आले की त्यांच्या उंबऱ्यावर बसायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि ओलसर तेंदूची पानं. पत्र्याचा छोटा साचा पानावर ठेवून कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोऱ्याचा एक वेढा. त्या माझ्याशी बोलत असायच्या, बोटं आपली चालूच. मजुरी हजार विड्यांवर मिळायची, म्हणून गप्पा मारतानाही मोजणी चुकवून चालायचं नाही.

एका वर्षी अण्णांचा माग बंद पडला. ते दिवसभर ओट्यावर बसून राहायचे. मोठ्यांनी आम्हाला काही सांगितलं नाही, पण अक्का रात्रीसुद्धा सूप घेऊन बसलेल्या दिसायच्या. तेव्हा आपल्याकडून गेलेला डबा एकदा परत आला. मी जिन्यातच झाकण उघडलं आणि घरात शिरताना ओरडले, "आई, रिकामाच आहे!" आजीनं डबा हातात घेतला, उजेडाला धरला. तळाला चिमूटभर साखर होती. "साखर आहे की," ती म्हणाली, आणि मला आत ढकललं.

त्यानंतर आपल्या घरातून अक्कांकडे डबा जाईना. जिन्नस जायचे, डबा नाही. भजी वर्तमानपत्रात, पुरणपोळी केळीच्या पानात, चटणी कागदाच्या पुडीत. मला वाटायचं, आजीला आपले स्टीलचे डबे हरवायची भीती वाटते. किती तरी वर्षं मी तिला मनातल्या मनात कंजूष म्हणत होते.

आता आपल्या खालच्या मजल्यावरच्या ओमा, म्हणजे तुझी जर्मन आजी. आपण इथं राहायला आलो तेव्हा तू मांडीवर होतास. दुसऱ्या दिवशी त्या एका हातात पाव आणि दुसऱ्या हातात मिठाची पुडी घेऊन दारात उभ्या राहिल्या. जर्मनीत नव्या घरात येणाऱ्याला पाव आणि मीठ देतात, घरात या दोन्हींची कमी पडू नये म्हणून. मला ते ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं, की मीठ हातावर घेऊ नये, भांडण होतं. पाव घेतला आणि मिठासाठी हात मागे. त्या हात पुढे करून उभ्या, मी टेबलाकडे बोट दाखवतेय, "तिथं, तिथं." त्यांना काय वाटलं असेल ते देव जाणे!

मग शरद ऋतूत त्यांनी प्लमचा केक दिला, बशीत. बशी रिकामी कशी द्यायची? मी चकल्या भरून दिल्या. बशी जॅमची बाटली घेऊन वर आली. मी करंज्या दिल्या. वर बिस्किटं आली. मी खुशीत होते, म्हटलं सोलापूरच आहे हे. दिवाळीनंतर एक दिवस त्यांनी जिन्यात थांबवून अगदी शांतपणे सांगितलं, "पुढच्या वेळी बशी रिकामी द्या, प्लीज. मला सारखं वाटतं, आता माझी पाळी. दर आठवड्याला भाजायला माझ्याच्यानं होत नाही."

मला ते लागलं. दोन दिवस मी त्यांना टाळत जिना उतरत होते. इतकं तोंडावर बोलतात का, असं वाटत होतं. ऑफिसातही तेव्हा माझं असंच चाललं होतं. काम जमणार नसलं तरी मी "बघते" म्हणायची. आपल्याकडे "बघते" म्हटलं की समोरचा समजतो आणि दुसरी सोय करतो. इथल्या सहकाऱ्यानं ते तक्त्यात माझ्या नावापुढे तारखेसकट लिहून टाकलं आणि त्या तारखेला विचारायला आला. तेव्हापासून मी "नाही जमणार" म्हणायला शिकले. अजूनही म्हणताना घसा कोरडा पडतो.

ओमांची तक्रार मी आजीला फोनवर सांगितली. म्हटलं, या लोकांना माणुसकी नाही. आजी हसली. म्हणाली, "अगं, म्हणून तर मी अक्काला कागदात द्यायची. डबा गेला की त्या बिचारीला भरून द्यायचं ओझं. कागद कोण परत मागतंय?" मी फोन धरून तशीच स्वयंपाकघरात उभी राहिले. तीस वर्षांचं कंजूषपण एका वाक्यात पुसलं गेलं.

दुसऱ्या दिवशी बेकरीच्या कागदी पिशवीत चिवडा घालून ओमांच्या दाराच्या कडीला अडकवला. वर चिठ्ठी लिहिली, "पिशवी फेकून द्या." त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही. वसंतात एकदा बाल्कनीत भेटल्या आणि म्हणाल्या, "मला आता 'डू' म्हण." तुला हे समजावायला नको. अहो-जाहोवरून अगं-तुगंवर यायचं तर इथं वयानं मोठ्या माणसानं ते आधी म्हणावं लागतं. आपल्याकडे परवानगीबिरवानगी काही नसते, दुसऱ्या भेटीत मावशी होते. तू तर त्यांना पहिल्याच वर्षी ओमा करून टाकलंस. त्या तेव्हा गोंधळल्या होत्या, कारण इथं शेजारणीला आडनावानंच हाक मारतात. आता तू महिनाभर नाहीस, तर रोज विचारतात, "माझा नातू कधी येतोय?"

आजी तुला भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या घरी नेणार आहे. तिथं आता स्मारक आहे. कंटाळू नकोस. हे आपल्या सोलापूरचे, जन्म १९१०चा. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक युद्धातल्या चीनला मदतीला गेलं, त्यात ते होते. पाचही जणांनी आपल्या चिनी नावाच्या शेवटी 'हुआ' जोडलं. हुआ म्हणजे चीन. कोटणीस चिनी भाषा शिकले, तिथल्याच कुओ छिंगलान यांच्याशी लग्न केलं आणि मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत. डिसेंबर १९४२मध्ये ते तिथंच गेले, मुलगा तेव्हा काही महिन्यांचा होता. मला लहानपणी त्या स्मारकातल्या बाकी कशापेक्षा ते नाव आवडायचं. एक अक्षर त्यांच्याकडचं, एक आपल्याकडचं.

तर अक्कांचं आता असं आहे. त्यांचा मुलगा नोकरीत छान आहे, घरात ओझं वाटण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून आजीनं डबे पुन्हा सुरू केलेत. तेव्हा तूही खुशाल भरून दे. शेंगा नसल्या तर साखर, साखर नसली तर दारातल्या गुलबक्षीचं फूल. अक्का फुलालाही हसून "बंगारम" म्हणतील. बंगारम म्हणजे सोनं. पण ओमांकडे मात्र कागदच.

नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ निघेल. अण्णा तुला खांद्यावर घेतो म्हणतील. घेऊ देऊ नकोस, त्यांचा गुडघा दुखतो आणि ते सांगणार नाहीत. त्यांचा हात धरून चाल. आजीच्या नारळी भातातला थोडा भात अक्कांकडे जाईलच, तो तू ने. आणि निघताना "येतो" म्हण, किंवा जमलं तर "वेळ्ळोस्तानु". 'ळ' चुकला तरी चालेल.

एक मात्र राहिलं. त्या डब्यातून अक्कांनी तुम्हाला दिलं काय होतं, ते तू सांगितलंच नाहीस.

तुझी,
आई