प्रीमिअरची जुनी आणि नवी आवृत्ती एकाच पीसीवर ठेवता येते का?

तुम्ही नाशिकरोडला लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करता, पीसीवर अ‍ॅडोबीचं एडिटिंग सॉफ्टवेअर प्रीमिअर प्रो २०२० आहे आणि आता नवी आवृत्ती टाकायची आहे. जुनी न काढता दोन्ही राहतील का आणि अर्धवट कामांचं काय होईल, असं विचारलंय.

राहतात. माझ्या मशीनवर कायम दोन असतात, मध्यंतरी तीन होत्या. विंडोजमध्ये प्रत्येक मुख्य आवृत्ती आपापल्या फोल्डरात बसते आणि सेटिंग्जही वेगळी ठेवते. डॉक्युमेंट्समध्ये अ‍ॅडोबीचं फोल्डर उघडा, २०२० साठी १४.० नावाचा कप्पा दिसेल. २०२१ चा १५ आणि त्यानंतर एकदम २२. मधले आकडे कंपनीनेच गाळलेत, आपलं काही उडालं म्हणून घाबरू नका.

टाकताना जपायची जागा एकच. क्रिएटिव्ह क्लाउडमध्ये (अ‍ॅडोबीची सॉफ्टवेअर टाकायचं, अपडेट करायचं अ‍ॅप) अपडेट दाबलं की ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ उघडा, तिथे ‘रिमूव्ह ओल्ड व्हर्जन्स’समोर टिक असेल तर ती काढा. ऑटो-अपडेटही बंद करून टाका. कारण मे २०१९ पासून अ‍ॅडोबीचं धोरण बदललं: चालू आणि तिच्या मागची, अशा दोनच मुख्य आवृत्त्या उतरवून घेता येतात. तुमची २०२० एकदा गेली की सरळ मार्गाने परत मिळायची नाही. ती सोन्यासारखी सांभाळा.

आता अर्धवट कामांचं. खरी गोम इथे आहे. जुना प्रोजेक्ट नव्या आवृत्तीत उघडतो, पण नव्यात सेव्ह केलेला जुन्यात उघडत नाही. मला हे माहीत होतं, तरी एकदा माती खाल्ली. सिन्नरचं लग्न होतं, तीन कॅमेरे, हळदीचंच फुटेज चार तासांचं. नवी आवृत्ती टाकल्याच्या उत्साहात मी चालू प्रोजेक्ट तिच्यात उघडला. ती विचारते, रूपांतर करून कोणत्या नावाने ठेवू? नाव वेगळं द्यायचं सोडून मी जुन्यावरच ठेवला. दोन रात्री काम केलं. तिसऱ्या दिवशी मला दुसऱ्या शूटला जायचं होतं म्हणून पेनड्राइव्ह आमच्याकडच्या मुलाला दिला, आणि त्याच्या मशीनवर २०२०. दुपारी त्याचा फोन: ‘दादा, हा प्रोजेक्ट नव्या व्हर्जनचा आहे म्हणतोय, उघडतच नाही.’ इकडे नवरीच्या मामांचा तगादा, सत्यनारायणाच्या पूजेला पाहुण्यांना दाखवायचंय. ऑटो-सेव्हच्या फोल्डरात जुन्या प्रती होत्या, त्या उघडल्याही, पण माझ्या दोन रात्री त्यांत नव्हत्या.

त्या दिवशी एक जुगाड कामाला आला, तो सविस्तर सांगतो. प्रीमिअरची प्रोजेक्ट फाइल म्हणजे आतून एक्सएमएल, म्हणजे खुणांच्या टॅगांत लिहिलेला साधा मजकूरच असतो, जीझिप पद्धतीने दाबून लहान केलेला. आधी फाइलची कॉपी करा, मूळ फाइलला हात लावू नका. कॉपी सेव्हन-झिपने (दाबलेल्या फाइली उघडायचं सॉफ्टवेअर) उघडून आतली फाइल बाहेर काढा आणि नोटपॅडमध्ये उघडा (फाइल मोठी असेल तर नोटपॅड प्लस प्लसमध्ये, साधं नोटपॅड घुटमळतं). अगदी वर ‘प्रोजेक्ट’ नावाचे दोन टॅग दिसतील. पहिला एवढासा असतो, त्यात काही नसतं. दुसऱ्यात शेवटी ‘व्हर्जन’ आणि अवतरणात एक आकडा असतो. तो आकडा पुसून १ लिहा. सेव्ह करा, पुन्हा दाबायची गरज नाही, फक्त नावाच्या शेवटचं एक्स्टेन्शन पीआरप्रोज (.prproj) आहे ना ते बघा. आता जुनी आवृत्ती ही फाइल आपल्याहूनही जुनी समजते आणि रूपांतर करून उघडते.

कट, ऑडिओ, मार्कर बहुतेक जागेवर येतात. नव्या आवृत्तीतच असलेले इफेक्ट मात्र गळतात. माझा सगळा कट आला, कलर पुन्हा करावा लागला. म्हणजे ही संकटकाळची वाट, रोजची नव्हे. रोजचा नियम साधा: जे काम ज्या आवृत्तीत सुरू झालं ते त्याच आवृत्तीत डिलिव्हर करायचं. मी फोल्डरच्या नावातच आकडा टाकतो, ‘सिन्नर_लग्न_१४’. आणि फाइलवर डबल-क्लिक करायचं नाही, विंडोज हमखास नवी आवृत्ती उघडतं. आधी प्रीमिअर उघडा, मग आतून प्रोजेक्ट.

मग जुनी ठेवायचीच कशाला? मराठी टायटलांसाठी. २०१५ च्या सिंहस्थात १३ सप्टेंबरच्या शाही स्नानाचं शूटिंग मी केलं होतं, रामकुंडाच्या बाजूने. आता पुढचा कुंभ आल्याने त्या फुटेजला मागणी येतेय. तो प्रोजेक्ट जुन्या टायटलरमधला (प्रीमिअरमधलं टायटलं लिहायचं साधन), अक्षरं श्रीलिपी फॉन्टमधली. अलीकडच्या आवृत्त्यांतून तो टायटलर काढूनच टाकलाय, जुनी टायटलं नव्या ग्राफिकमध्ये बदलून येतात. मशीनवर तो फॉन्ट नसेल तर ‘शाही स्नान’च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, कारण श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये देवनागरीचा फक्त वेश असतो, आत इंग्रजीचेच कोड. २०२० मध्ये मात्र ते प्रोजेक्ट जसेच्या तसे उघडतात. मी सगळी टायटलं तिथून पारदर्शक पार्श्वभूमीसह पीएनजी काढून ठेवली. तुमच्याकडेही ‘चि. सौ. कां.’वाली जुनी टायटलं असतीलच. मोकळ्या आठवड्यात हे उरकून घ्या, लग्नसराईत जमणार नाही. नवी टायटलं युनिकोडमध्येच करा (त्यात देवनागरीला स्वतःचे कोड असतात), आणि जोडाक्षरं फुटली तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये टेक्स्ट इंजिन साउथ एशियन आहे का ते आधी बघा.

काही गोष्टी मात्र दोघींत सामाईक असतात. बरेच प्लगइन (वरून जोडायची इफेक्टसारखी साधनं) ‘कॉमन’ फोल्डरातल्या मीडियाकोअरमध्ये बसतात, तिथून दोन्ही आवृत्त्या तेच उचलतात. नव्यासाठी प्लगइन अपडेट केलं आणि त्याने २०२० चा आधार सोडला असेल, तर जुनी सुरू होतानाच अडखळेल. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हरही (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) एकच. नवी आवृत्ती नवा ड्रायव्हर मागते, आणि कार्ड जीटीएक्स ६०० किंवा ७०० मालिकेतलं असेल तर एनव्हिडियाने त्यांतल्या बहुतेकांसाठी ४७० च्या मालिकेनंतर नवे ड्रायव्हर काढलेच नाहीत. तसं असेल तर आधी कार्ड, मग सॉफ्टवेअर. अ‍ॅडोबीच्याच आफ्टर इफेक्ट्समधून डायनॅमिक लिंक (तिथलं काम थेट प्रीमिअरमध्ये जोडायची सोय) वापरत असाल तर त्याचीही २०२० ठेवा, जोडी जुळलेली लागते.

दोन्ही एकाच वेळी उघडताही येतात. १६ जीबी रॅमवर करून बघितलं, पुन्हा केलं नाही.

आणि कोणी म्हणेल, सोडा ते, दाविंची रिझॉल्व हे दुसरं एडिटिंग सॉफ्टवेअर घ्या. घ्या, फुकट आवृत्तीही उत्तम आहे आणि प्रीमिअरशेजारी गुण्यागोविंदाने राहते. पण तिच्या स्वतःच्या दोन आवृत्त्या अशा शेजारी बसत नाहीत, नवीचा इन्स्टॉलर जुनीच्या जागीच बसतो. प्रोजेक्टचा डेटाबेसही एकदा वर चढवला की खाली येत नाही. तिथे अपडेटआधी डेटाबेसचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या.

तुमचं कार्ड आणि रॅम किती ते लिहिलंत तर नवीतली कोणती आवृत्ती पेलेल ते सांगतो.