विचारा बिनधास्त : फ्लॉप्यांचा डबा आणि प्रिन्सची साठ मिनिटं

प्रश्न : नमस्कार दादा, तुमचं सदर दर महिन्याला वाचते पण लिहितेय पहिल्यांदाच. दिवाळीच्या आवराआवरीत आईकडच्या माळ्यावर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात अकरा फ्लॉप्या सापडल्या, त्यातल्या एकीवर माझ्या भावाच्या अक्षरात "प्रिन्स" आणि खाली लाल पेनने "हात लावू नये" असं लिहिलंय. 1996 ला बाबांनी हप्त्यावर कॉम्प्युटर घेतला होता, त्यावर मी, भाऊ आणि शेजारचा एक मुलगा असे तिघं खेळायचो. भाऊ आता मेलबर्नला असतो. डबा बघून मला रडूच फुटलं. मग उत्साहाने माझ्या दहा वर्षांच्या मुलाला तोच प्रिन्स ऑफ पर्शिया गेम लॅपटॉपवर लावून दिला तर पाचव्या मिनिटाला उठला, म्हणाला आई यात काहीच होत नाही. मला ते एवढं का लागलं कळेना. फ्लॉपी अजून चालेल का? आणि आपल्या वेळचं मुलांना आवडावं ही अपेक्षाच चुकीची आहे का? — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ताई, आधी घाईचं सांगतो, गप्पा नंतर. ती फ्लॉपी लगेच कुठल्याही ड्राइव्हमध्ये घालू नका. वरची धातूची पट्टी हलकेच सरकवून आतली काळी चकती उजेडात बघा. पांढरट ठिपके किंवा धुरकट डाग दिसले तर ती बुरशी, आपल्याकडच्या पावसाळ्यात माळ्यावर ती धरतेच, आणि तशीच घातली तर फ्लॉपी पण जाते आणि ती वाचणारं ड्राइव्हचं हेड पण. चकती स्वच्छ असेल आणि फ्लॉपी साडेतीन इंची, म्हणजे कडक प्लास्टिकवाली असेल तर यूएसबीला लावायचा फ्लॉपी ड्राइव्ह आजही मिळतो. घालायच्या आधी कोपऱ्यातली छोटी खिट्टी सरकवून भोक उघडं करा, म्हणजे चुकून तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. आणि विंडोजने विचारलं फॉरमॅट करू का, तर नाही म्हणायचं, दहा वेळा विचारलं तरी नाहीच. वाचली गेली तर पहिल्यांदा सगळ्याची कॉपी करून ठेवा. मोठी लवचिक सव्वापाच इंची असेल तर मात्र हा ड्राइव्ह उपयोगाचा नाही, जुनी मशीन जपून ठेवलेला कुणीतरी शोधावा लागेल.

आशा सोडू नका हे मी उगाच धीर द्यायला म्हणत नाहीये. हा गेम ज्याने केला त्या जॉर्डन मेकनरकडे पण त्याचा मूळ कोड, म्हणजे त्याने लिहिलेला प्रोग्रॅम, राहिला नव्हता. गेम आला 1989 ला, अ‍ॅपल टू या कॉम्प्युटरवर. आणि 2012 मध्ये त्याच्या वडिलांना घरातल्या कपाटात फ्लॉप्यांचा एक जुना खोका सापडला, त्यांनी तो मुलाला पाठवून दिला आणि त्यात प्रिन्सचा कोड निघाला! वीस वर्षांहून जुन्या त्या चकत्या जाणकारांना बोलावून वाचल्या, आणि मेकनरने तो कोड सगळ्यांना बघता येईल असा इंटरनेटवर टाकून दिला. गेमचं संगीतही याच वडिलांचं, फ्रान्सिस मेकनर यांचं. आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो पळणारा, उडी मारणारा, कड्याला लोंबकळणारा प्रिन्स आहे ना, तो मेकनरचा धाकटा भाऊ डेव्हिड. मेकनरने त्याला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, व्हिडिओ काढला आणि त्यातली एकेक पोझ घेऊन प्रिन्स काढला. म्हणून तो पळता पळता थांबला की दोन पावलं घसरतो, वळताना अंग टाकतो, त्या काळच्या दुसऱ्या कुठल्याच गेममधला माणूस असा खरा वाटायचा नाही. भावाने अंगणात भावाला पळवावं तसा तो गेम झालाय, आणि तुम्ही तो तुमच्या भावाबरोबर खेळलात, हे लिहिताना मला पण भरून आलं.

आता मुलाचं. अपेक्षा चुकीची नाही, फक्त खेळायला द्यायची पद्धत बदला. तुम्ही त्याला गेम दिला पण तुम्ही जे खेळत होतात ते दिलंच नाही. तुमच्या पत्रातच आहे की तुम्ही तिघं होतात. कागदावर प्रिन्स एकट्याने खेळायचा गेम असेल, पण आपल्या गल्लीत तो एकट्याने खेळलेला कुणी मला तरी माहीत नाही. आमच्याकडे साताऱ्याला ज्याच्या घरी कॉम्प्युटर त्याच्याकडे मे महिन्यात दुपारी पाच-सहा जण, चपला बाहेर, त्याची आई मशीनवरचं क्रोशाचं कव्हर घडी करून ठेवायची आणि मग सुरू. बाणांच्या कीज ज्याच्या हातात तो हिरो, पण शिफ्ट माझ्याकडे असायची कारण मी सगळ्यात लहान आणि बाकीच्या कीजना मला हात लावू द्यायचे नाहीत. आणि शिफ्ट म्हणजे सगळंच होतं हो! शिफ्ट दाबून चाललं तर तो चवड्यावर एक एक पाऊल टाकतो आणि भाल्यांमधून सुखरूप जातो, कड्यावरून पडताना शिफ्ट दाबली तर हाताने धरून लटकतो, बाटली प्यायला शिफ्ट, तलवार मारायला पण शिफ्ट. माझं बोट जरा उशिरा पडलं की तो खाली आणि पाच जण माझ्या अंगावर. त्या कात्रीसारख्या उघडमीट करणाऱ्या दातांसमोर उभं राहून आम्ही सगळे मोठ्याने मोजायचो, एक दोन आत्ता, आणि कधी कधी "आत्ता" म्हणणाराच चुकायचा.

आणि घड्याळ. सगळा गेम संपवायला साठ मिनिटं म्हणजे साठच मिनिटं, मेलात तर लेव्हल पहिल्यापासून पण वेळ परत मिळत नाही. तिसऱ्या लेव्हलपासून कंट्रोल आणि जी दाबून सेव्ह करता यायचं ते आम्हाला फार उशिरा कळलं, तोवर दर दुपारी पहिल्यापासून. म्हणून तर सगळा नकाशा डोक्यात बसला. सांगाडा तलवारीने मरत नाही, त्याला ढकलत कड्यावरून खाली पाडायचा, हे कुणीतरी मोठ्या भावाकडून ऐकून यायचं आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गाला माहीत असायचं. तुमच्या मुलाला कुठलाही गेम अडला तर दोन मिनिटांत व्हिडिओ मिळतो, त्यात त्याचा काही दोष नाही, पण त्यामुळे "काहीच होत नाही" असं त्याला वाटणं साहजिक आहे. प्रिन्समध्ये जे होतं ते बरंचसं स्क्रीनच्या बाहेर व्हायचं.

तेव्हा असं करा. इंटरनेट अर्काइव्ह नावाच्या साइटने 2015 च्या जानेवारीत दोन हजारांवर जुने, विंडोजच्या आधीच्या डॉसवर चालणारे गेम ब्राउझरमध्येच खेळता येतील असे ठेवले, त्यात प्रिन्स आहे, काही इन्स्टॉल करायला नको. मोबाइल नको, कीबोर्डच पाहिजे. बाण मुलाकडे द्या, शिफ्ट तुम्ही धरा, शेजारी खुर्ची लावून बसा, आणि त्याला आधी काही सांगू नका. चौथ्या लेव्हलच्या शेवटी आरसा येतो, पळत येऊन त्यातून उडी मारावी लागते आणि दुसऱ्या बाजूने प्रिन्सचीच सावली बाहेर पळते. ही सावली पुढे तुमची बाटली पिऊन टाकते, तोंडावर दार लावते. आणि शेवटी तलवार घेऊन समोर उभी राहते तेव्हा तिला वार केला की आपलाच लाल त्रिकोण कमी होतो. आम्ही त्या जागी किती वेळा मेलो असू याचा हिशेब नाही. उत्तर एकच, खालचा बाण दाबून तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्या अंगात चालत जायचं. मेकनरकडे नवीन शत्रूची चित्रं ठेवायला मेमरीच उरली नव्हती म्हणून त्याने हिरोचीच चित्रं वापरून सावली केली, आणि अडचणीतून काढलेली हीच गोष्ट त्या गेममधली सगळ्यात सुंदर गोष्ट ठरली असं माझं ठाम मत आहे. मुलगा तिथपर्यंत आला की गप्प बसा आणि त्याला मरू द्या दोन-चार वेळा.

भावाला फ्लॉपीचा फोटो आजच पाठवा, लाल पेनची ओळ दिसेल असा. रविवारी तुमच्याकडे सकाळ असते तेव्हा मेलबर्नला दुपार असते, व्हिडिओ कॉल लावून ठेवा आणि घड्याळाची ड्युटी मामाकडे द्या. स्पेसबार दाबला की किती मिनिटं राहिली ते दिसतं, पण मामाने ओरडून सांगितलेलं वेगळं.

प्रश्न : सर, आमच्या ऑफिसात 1990 च्या आसपास डिगर गेम होता, लंच टाइमला आम्ही खेळायचो. मागच्या महिन्यात मुलीने तो जुन्या पीसीवर टाकून दिला तर डिगर एवढा सुसाट पळतो की बोट ठेवायच्या आत मेलेला असतो. वय झालं म्हणून हात हळू झाला की गेममध्ये गडबड आहे? — एक निवृत्त वाचक, नाशिक

उत्तर : काका, तुमचा हात अगदी ठीक आहे, मशीनच घाई करतंय. डिगर 1983 चा, तेव्हाच्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर 4.77 मेगाहर्ट्झचा. त्या वेळी बरेच प्रोग्रॅमर गेमचा वेग घड्याळावर न बांधता सरळ मशीनच्या वेगावर बांधायचे, म्हणजे एक पाऊल टाकलं की नुसतेच आकडे मोजत बसायचं आणि मोजून झाले की पुढचं पाऊल. त्या पीसीवर ते मोजणं बरोबर बसायचं, आजचं मशीन तेच आकडे डोळ्याचं पातं लवायच्या आत मोजून मोकळं होतं, मग डिगर पळणारच. तुमच्या ऑफिसच्या मशीनच्या तोंडावर टर्बो नावाचं बटण होतं का आठवतंय? सगळ्यांना वाटायचं ते वेग वाढवायला आहे, खरं तर त्याचा मोठा उपयोग बंद करण्यातच होता, टर्बो काढला की मशीन मुद्दाम हळू व्हायचं आणि असे जुने प्रोग्रॅम नीट चालायचे.

आता त्या बटणाचं काम डॉसबॉक्स नावाचं सॉफ्टवेअर करतं. फुकट मिळतं, मुलीला सांगा ते टाकून त्यात डिगर लावायला. मग कंट्रोल धरून एफ 11 दाबत राहिलं की वेग कमी होतो, एफ 12 ने वाढतो. एकदम खूप कमी करू नका, पैशाच्या पिशव्या जशा आधी थोडं हलून मग पडायच्या तसं दिसायला लागलं की थांबा, तुमच्या डोळ्यांना तो वेग बरोबर ओळखता येईल. डिगर रीमास्टर्ड म्हणून एक सुधारलेला पण आहे, नव्या मशीनवर चालावा म्हणून एका चाहत्याने नव्याने लिहिलेला, मी तोच खेळतो.

प्रश्न : विंडोज एक्सपीमधलं पिनबॉल नंतर का काढून टाकलं? आमचा पूर्ण हॉस्टेल त्यावर जगायचा! — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन या इंजिनिअरने स्वतः लिहिलंय, 64 बिट विंडोजसाठी तो गेम तयार करताना चेंडू कशालाच आपटेना, सुरुवातीलाच आरपार खाली पडून जायचा. कोड बाहेरच्या कंपनीने कित्येक वर्षांपूर्वी लिहिलेला, त्यात समजावणाऱ्या टिपा जवळजवळ नाहीत, चूक सापडेना, शेवटी काढला. पण जीव लावणारे लोक असतातच, त्यांनी तो उलगडून आजच्या मशीनवर चालणारा केलाय, स्पेस कॅडेट या नावाने शोधा. आणि एक्सपीचं जुनं मशीन कुठे असेलच तर गेम सुरू करून हिडन टेस्ट असं इंग्रजीत टाइप करा, मध्ये स्पेस द्यायची, मग चेंडू माउसने धरून हवा तिथे नेता येतो.

प्रश्न : शाळेच्या लॅबमध्ये बर्फावरून घसरणाऱ्या माणसाचा गेम होता. लॉगो या मुलांच्या प्रोग्रॅमिंगमधलं कासव फिरवून झालं की बाई शेवटची दहा मिनिटं खेळू द्यायच्या. कितीही चांगलं खेळलं तरी शेवटी एक करडा राक्षस येऊन खायचाच. मी अजूनही विचार करते, त्याच्यापासून सुटता येत होतं का? — एक वाचक, नांदेड

उत्तर : येत होतं! गेमचं नाव स्कीफ्री, 1991 चा, क्रिस पिरिह नावाच्या मायक्रोसॉफ्टमधल्या प्रोग्रॅमरने केलेला. तुमच्यासारखाच मी पण कित्येक वर्षं हेच धरून चाललो होतो की राक्षस आला म्हणजे खेळ संपला, आमच्या लॅबमध्ये तर तो दिसला की सगळे हात वर करून बसायचे आणि तो कसा खातो, खाऊन झाल्यावर कसा नाचतो ते बघायचे, मला तर तो नाच बघायलाच आवडायचा. ज्याने गेम केला त्यानेच नंतरच्या विंडोजवर चालणारा पण काढलाय, तो आजही मिळतो. साधारण दोन हजार मीटर गेलात की तो येतो, तेव्हा घाबरून बाण दाबत बसू नका, एफ दाबा, इंग्रजीतला साधा एफ, तुमचा माणूस जास्त जोरात सुटतो आणि राक्षस मागे राहतो.