"उगाच पुढं पुढं करू नका" मी म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला

पत्र थोडक्यात: ताई, लग्नाला दोन वर्षं झाली, मिस्टर मराठा लाइट इन्फंट्रीत, सध्या एलओसीवर. सात महिन्यांची मुलगी आहे. परवा फोनवर मी रडत बोलून गेले, "काही झालं तर उगाच पुढं पुढं करू नका, हिरोगिरी नको, आधी स्वतःचा जीव वाचवा." ते गप्पच झाले, फोन ठेवला. त्यानंतर दोनदा फोन आला तो सासूबाईंच्या मोबाईलवर. सासूबाई म्हणतात फौजीच्या बायकोनं असं अभद्र बोलायचं नसतं. मी स्वार्थी आहे का? (स., सातारा जिल्हा)

अगं स., स्वार्थी कसली, सात महिन्यांची पोर मांडीवर असताना जे तोंडातून निघायचं तेच निघालं, आणि तुझ्या सासूबाईंनी पण पोरगा भरती झाला तेव्हा देव्हाऱ्यापुढं हेच मागितलं असणार, फक्त त्याला ऐकू जाईल असं नाही मागितलं. माझे सासरे फौजीच. पासष्टच्या लढाईत रेडिओवर बातम्या लागल्या की आमच्या सासूबाई उठून गोठ्यात जाऊन बसायच्या, बातम्या संपल्या की यायच्या. कोणी त्यांना भित्री म्हटलं नाही.

पण तुझ्या मिस्टरांना ते का लागलं ते सांगते. तू म्हणालीस जीव वाचवा, त्यांना ऐकू आलं शेजारच्याला सोडून या. तिकडं एकटं कोणी नसतं गं, प्रत्येकाचा एक बडी असतो, ड्युटी बरोबर, गस्त बरोबर, एक झोपला की दुसरा जागा. रिल्समध्ये दाखवतात तसा एकटाच छाती पुढं काढून स्लो मोशनमध्ये धावणारा शूर माणूस हे जरा फिल्मीच आहे, बहुतेक वेळा माणूस पुढं जातो ते शेजारचा पडलाय म्हणून.

तुझ्या मिस्टरांच्याच रेजिमेंटचं उदाहरण घे, त्यांना नक्की माहीत असेल. नामदेव जाधव, आपल्या नगर जिल्ह्यातल्या निमजचे, साधे शिपाई आणि काम कंपनीच्या रनरचं, म्हणजे निरोप्या. ९ एप्रिल १९४५, दुसरं महायुद्ध, इटलीतली सेनिओ नदी, दोन्ही काठांना उंच बांध, आणि नदी ओलांडता ओलांडता त्यांच्या बरोबरची तुकडी जवळजवळ संपलीच. दोन जवान जखमी होऊन पडले होते. जाधवांनी एकाला खोल पाण्यातून उचलून नेलं, उभा बांध चढून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून पार केलं, आणि मग परत आले दुसऱ्यासाठी. त्याच वाटेनं. मला नेहमी ती दुसरी फेरी जास्त भारी वाटते, कारण पहिल्या वेळी माणूस तंद्रीत जाईल, दुसऱ्या वेळी सगळं माहीत असतं ना, पाय कुठं पडला तर काय होईल ते. त्यानंतर त्यांनी मशीनगनच्या तीन चौक्या बंद पाडल्या, हाताला लागल्यावर बंदूक चालवता येईना तर ग्रेनेड टाकून, आणि शेवटी बांधावर उभं राहून मराठ्यांची गर्जना करत मागच्या कंपन्यांना हात करून बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वांत मोठं पदक. आणि ते जगले गं, घरी आले, १९८४ पर्यंत होते.

म्हणजे शौर्य म्हणजे मरणंच असं काही नाही. राम राघोबा राणे पण घ्या, कारवारकडचे, बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे फौजेतले इंजिनिअर. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरीच्या रस्त्यावरचे सुरुंग काढत होते, जखमी झालेले असूनही रणगाड्याच्या खालून सरपटत आणि वरच्या ड्रायव्हरला दोरी ओढून खुणा करत. परमवीरचक्र जिवंतपणी मिळालेले ते पहिले.

आता तुला खोटा धीर देणार नाही. सगळे परत येत नाहीत. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे, तुझ्या मिस्टरांच्याच वयाचे असतील, बावीस. १० जुलै १९४४, इटलीतच, त्यांच्या सेक्शनमधला बरोबर यायला एकही जण उरला नाही तरी मशीनगनवर एकटे गेले, ती बंद पाडली आणि तिथंच पडले. त्यांना पण घरी बायको होती. ही भीती मी सांगून जाणार नाही, ती राहणारच, तिला घरात एक कोपरा दे आणि कामाला लाग.

कामाला म्हणजे खरंच कामाला. मुलीच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेच्या रेकॉर्डमधली नोंद, झालीय का, ग्रुप इन्शुरन्सच्या नॉमिनेशनमध्ये अजून लग्नाआधी दिलेलंच नाव आहे का, हे त्यांना विचार. अभद्र वगैरे काही नाही त्यात, पल्टनमधले सीनियर स्वतःच सांगतात हे करून घ्या म्हणून. कागद नीट असले की रात्री अर्धी झोप तरी लागते, मी अनुभवानं सांगते.

आणि फोनचं. सासूबाईंच्या मोबाईलवर आला ना, मग तिथंच "मला द्या जरा" म्हण, त्या देतील, तोंडावर बोलल्या तरी देतील. सॉरीचं लांबण लावू नको, रेंज तेवढी नसते. सरळ म्हण, मला तुमची भीती वाटते म्हणून बोलले, कोणाला सोडून या असं नव्हतं म्हणायचं. मग पोरगी पालथी पडायला लागली का, दात आला का, म्हशीचं काय झालं ते सांग. आणि त्यांच्या बडीचं नाव विचार, गाव विचार, त्याला घरी कोण कोण आहे ते विचार. पुढच्या वेळी कोणी सुट्टीवरून परत जाणारं भेटलं तर डिंकाच्या लाडवांचा डबा दोघांपुरता भर, आणि झाकणावर दोघांचीही नावं लिही.