अळीच्या स्नायूंवर काम करणारी नवी कीटकनाशके कशी शोधतात?
सोलापूर भागात तुरीवर क्लोरँट्रानिलिप्रोल हे कीटकनाशक फवारल्यावर अळी मरण्याआधीच खाणे का थांबवते आणि अशी नवी औषधे कशी शोधली जातात, असे आपण विचारले आहे. अळीच्या स्नायूपेशींत कॅल्शियमचा साठा असतो व त्याचे दार म्हणजे रायनोडिन रिसेप्टर नावाचे प्रथिन. हे औषध ते दार उघडेच ठेवते, त्यामुळे स्नायू आखडतात, जबडा चालत नाही आणि अळी आक्रसून शेंगेवर तशीच पडून राहते. माणसातही हा रिसेप्टर असतो, पण त्याची घडण वेगळी असल्याने औषधाचा तेथे फारच क्षीण परिणाम होतो. संशोधनाचा खरा कस या फरकातच लागतो. म्हणून किडीचा रिसेप्टर प्रयोगशाळेतील पेशींत तयार करतात, कॅल्शियम वाढताच चमकणारा रंग त्यांत भरतात आणि एकामागून एक संयुगे तपासतात. अर्थात, प्रयोगशाळेतले यश शेतात टिकेलच असे नाही. कोबीवरील चौकोनी ठिपक्यांच्या पतंगात या रिसेप्टरमधील ४९४६ व्या स्थानचे एकच अमिनो आम्ल (प्रथिनाचा घटक) बदलले आणि औषधाचा प्रभाव ओसरला. त्यामुळे आता निराळ्या जागी बसणारी संयुगे हवी आहेत. फ्लुबेंडियामाइड हे कीटकनाशकही क्लोरँट्रानिलिप्रोलसारखे याच रिसेप्टरवर काम करणाऱ्या गटातले असल्याने, क्लोरँट्रानिलिप्रोलनंतर ते फवारणे म्हणजे औषध बदलणे नव्हे.