सभामंडपाची भिंत

प्रश्न : सर, मी व्यक्तिचित्रं करते. आमच्या देवळाच्या सभामंडपाची आतली भिंत रंगवायचं काम माझ्याकडे आलंय. भिंत चिऱ्याची, पावसात ओल येते. याआधी एका घरात भिंतीवर केलेलं माझं चित्र दुसऱ्याच पावसाळ्यात पोपडे धरून गेलं. चेहऱ्यांना सरावलेला हात भिंतीवर चालेल का?
— एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : चालेल. फ्रान्सचा भित्तिचित्रकार प्युव्हिस द शाव्हान (१८२४–१८९८) याचं काम बघा. व्हायचं होतं इंजिनियर. आजारपणात शिक्षण सुटलं, हवापालटाला इटलीत गेला आणि तिथली भित्तिचित्रं बघून चित्रकलेकडे वळला. पॅरिसच्या सलोंनं, म्हणजे तिथल्या मानाच्या चित्रप्रदर्शनानं, वर्षानुवर्षं त्याची चित्रं परत केली. पहिल्या भिंती मिळाल्या त्या भावाच्या घरात, जेवणाच्या खोलीत. १८६१ मध्ये ‘शांती’ आणि ‘युद्ध’ ही जोडी त्यानं मांडली. सरकारनं एकटं ‘शांती’ विकत घेतलं, तेव्हा ताटातूट नको म्हणून ‘युद्ध’ त्यानं तसंच देऊन टाकलं. या एका गोष्टीसाठी मला तो फार जवळचा वाटतो.

तो ओल्या गिलाव्यावर रंगवत नसे. स्टुडिओत कॅनव्हास रंगवायचा आणि मग तो भिंतीला चिकटवायचा. बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयातली चित्रं अशीच फ्रान्सहून समुद्रापार गेली. तो स्वतः तिथं कधीच गेला नाही. जिन्याच्या पिवळसर संगमरवराचे नमुने मात्र त्याच्याकडे पाठवले होते. त्यांच्याशी त्यानं रंग जुळवले. तुम्हीही चिऱ्याचा तुकडा घरी आणून समोर ठेवा. वॉर्निश नको, दारातून येणाऱ्या उजेडात चित्र चकाकेल आणि काही दिसणार नाही.

चिऱ्याला कॅनव्हास चिकटवू मात्र नका, ओल पाठीमागून येते. भिंतीवर सागवानी पट्ट्या मारून त्यांच्यावर कॅनव्हास ताणा आणि मागे बोटभर फट ठेवा, वारा खेळू दे.

चेहऱ्यांचं म्हणाल, तर त्यानं १८८३ मध्ये केलेलं मारी कांताक्युझेनचं व्यक्तिचित्र बघा : काळी वस्त्रं, शांत चेहरा, दागिन्यांचा सोस नाही. दोघांची ओळख १८५६ पासूनची, लग्न थेट १८९८ मध्ये. त्याच वर्षी आधी ती गेली, मागोमाग तो. पॅरिसच्या पाँतेओं या स्मारकवास्तूत, झोपलेल्या शहरावर नजर ठेवून उभी असलेली संत जनव्हिएव्ह, पॅरिसची रक्षणकर्ती, त्यानं रंगवली, ती मारीवरूनच, असं मानतात. केवढं ते रात्रीचं आकाश, तरी डोळा त्या एवढ्याशा चेहऱ्यावर जाऊन थांबतो! तुमचा सराव इथं कामी येईल.

मृगाआधी कोऱ्या कॅनव्हासचा हातभर तुकडा पट्ट्यांवर ताणून त्या भिंतीवर लावा. गणपतीत उतरवून मागची बाजू बघा, बुरशी असेल तर फट वाढवा. आणि काय दिसलं ते मला जरूर कळवा.